पस्तिसाच्या खाली

आर्किटेक्ट माणसाला घरी बोलावण्याआधी आपलं छत एकदा डोळे भरून पाहून घ्यावं, असं माझं अनुभवाअंती मत झालेलं आहे. पुन्हा ते तसं दिसेलच याची खात्री नसते. आणि आर्किटेक्ट बायकोचा धाकटा भाऊ असेल, तर छताबरोबर बायकोकडेही एकदा पाहून घ्यावं. कारण पुढचे काही दिवस ती कुठल्या पक्षात असेल हे सांगता येत नाही.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. पाचवा मजला नाही. त्या जागी सूर्य आहे. घरातली पश्चिमेची खोली माझ्या वडिलांची. बाबा निवृत्त विज्ञानशिक्षक. सदतीस वर्षं त्यांनी मुलांना उष्णतेचं वहन शिकवलं आणि निवृत्तीनंतर ते वहन स्वतः त्यांच्या डोक्यावर येऊन बसलं. त्यांच्या पलंगाशेजारी खिळ्याला एक थर्मामीटर टांगलेला आहे. रोज दुपारी साडेतीनला ते चष्मा लावतात, वाकतात आणि वहीत आकडा लिहितात. तक्रार हा शब्द त्यांच्या अभ्यासक्रमातच नाही. "एक्केचाळीस," एवढंच म्हणतात, निकाल वाचून दाखवावा तसं, आणि ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वाचत बसतात.

एसी का लावत नाही, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. आमच्या इमारतीतल्या वायरी माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत. आणखी एक एसी लागला तर सगळी बिल्डिंग अंधारात जाईल, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात लिहून लावलेलं आहे. वाढीव विजेसाठी चार वर्षांपूर्वी अर्ज केला. तो विचाराधीन आहे. विचार कोणी करायचा, ते अजून ठरायचंय.

यंदा उन्हाळा तोंडावर आला आणि डॉक्टरांनी बाबांचा रक्तदाब बघून सरळ सांगितलं, "या खोलीत हा उन्हाळा काढायचा नाही." त्याच संध्याकाळी दुसऱ्या शहरातून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. ही बातमी त्याला कोणी कळवली, हे मी बायकोला विचारलं नाही. काही प्रश्न संसारात विचारायचे नसतात.

"दादा, बाबांना माझ्याकडे पाठव. माझ्याकडे बाथरूम सोडून सगळीकडे एसी आहे," धाकटा म्हणाला. त्यातलं 'बाथरूम सोडून' मला विशेष लागलं. माझ्याकडे गार म्हणावं असं बाथरूम सोडून काहीच नव्हतं.

बाबांना जायचं नव्हतं. मागच्या वर्षी ते धाकट्याकडे पंधरा दिवस राहून आले होते. कसं होतं विचारल्यावर म्हणाले, "उत्तम. बोलायला भिंती आहेत, आणि त्याही गार आहेत." इथे रोज संध्याकाळी सहा वाजता आमचे सेक्रेटरी बुद्धिबळाचा पट घेऊन येतात. ते निवृत्त पूल-इंजिनिअर. अकरा वर्षांपासून दोघांची एकच मालिका चालू आहे आणि सेक्रेटरी चोवीस डाव मागे आहेत. बाबा गेले तर सेक्रेटरींचं उरलेलं आयुष्य पिछाडीवरच जाणार होतं.

पण बाबा नको म्हणणाऱ्यातले नाहीत. "तीन आठवड्यांनी रविवारी येऊन घेऊन जा," त्यांनी धाकट्याला सांगितलं. मग माझ्याकडे वळून, जणू प्रयोगाची कृती सांगावी तसं म्हणाले, "त्या दिवशी साडेतीन वाजता पारा पस्तिसाच्या खाली असला, तर मी राहीन. नसला तर जाईन. वाद नाही."

"पस्तिसाच्या खाली?" मी म्हटलं. "बाबा, आयुष्यभर तुम्ही पस्तिसाच्या वर गेल्यावर पास करायचात."

"आणि तू तेव्हाही काठावरच असायचास," बाबा म्हणाले.

मेव्हणा दुसऱ्याच दिवशी आला. त्याने बांधलेल्या एका इमारतीचा फोटो मासिकात छापून आलेला आहे. ती इमारत म्हणे श्वास घेते. (तिथे काम करणाऱ्यांना तो घेता येतो की नाही, हे मासिकात नव्हतं.) आल्या आल्या त्याने बूट काढले, भिंतीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. बाबांनी तेवढ्यात थर्मामीटर बघून घेतला.

"भिंत निर्दोष आहे," मेव्हणा डोळे उघडून म्हणाला. "छत दोषी आहे. भाऊजी, एसी म्हणजे स्थापत्याचा पराभव. आपण हवेनेच हवा अडवायची."

त्याने कागदावर आमचं छत काढलं आणि त्यावर ओळीने पालथी मडकी काढली. मडक्यात हवा कोंडते, कोंडलेली हवा उष्णता खाली येऊ देत नाही. वरून लाल बाण येत होते आणि मडक्यांना आपटून माघारी जात होते. खोलीत निळे बाण खेळत होते. चित्र इतकं गार होतं की बाबांनी टॉवेल काढून ठेवला.

"किती मडकी?" मी विचारलं.

"दोनशे."

बायको बराच वेळ चित्र बघत होती. "मडकी मिळतील," ती म्हणाली. "निळे बाण कुठून आणायचे?"

कुंभाराची भट्टी गावाबाहेर आहे. दोनशे मडकी हवीत म्हटल्यावर तो खूश झाला. "कार्य आहे का घरात?"

"नाही, छतावर पालथी घालायचीत. हवा भरायला."

कुंभाराने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि त्यानंतर जे काही बोलला ते सगळं बायकोशीच बोलला. मेव्हण्याने पढवल्याप्रमाणे मी म्हटलं, की तडा गेलेली, टाकाऊ दिली तरी चालतील, टाकाऊतून टिकाऊ हेच आमचं धोरण आहे. झालं! तो जागेवरून उठला. "बाई, यांना सांगा, माझ्या हातचं फुटकं मडकं मी शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही पाणी प्यायला देत नाही." मग शिक्षा म्हणून त्याने मला तिथेच बसवलं आणि दोनशेच्या दोनशे मडकी बोटाने वाजवून घ्यायला लावली. खणखणीत वाजलं तर गाडीत, बद्द वाजलं तर बाजूला. दीडशेव्या मडक्यानंतर मला माझं स्वतःचं डोकं वाजवून बघायची इच्छा झाली. पण निकालाची भीती वाटली.

आता छत. छत सोसायटीचं. सेक्रेटरींनी अर्ज हातात घेतला आणि चष्म्यावरून पाहिलं. "सेक्रेटरी म्हणून माझा याला विरोध आहे."

"आणि बुद्धिबळपटू म्हणून?"

त्यांनी दार लावून घेतलं. "बुद्धिबळपटू म्हणून विचारतो, उद्या सकाळी सुरू करता येईल का?"

दोनशे मडकी चार मजले चढवताना इमारतीतल्या प्रत्येक दाराने आम्हाला सल्ला दिला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर जिन्यात खुर्चीच टाकली होती. आधी त्यांना वाटलं आम्ही दह्याचा धंदा काढतोय. त्यांनी रोजचं अर्धा लिटर सांगूनही ठेवलं. खरा प्रकार कळल्यावर म्हणाल्या, "त्यापेक्षा पडदे ओले करा. आमच्या हे असताना आम्ही तेच करायचो." "मग गार व्हायचं का?" "छे! पण करायचो." 

रविवारी दुपारपर्यंत बाबांच्या खोलीवरचं छत पालथ्या मडक्यांनी भरलं. साडेतीनला बाबा वाकले. "अडतीस." पहिल्याच फटक्यात तीन अंश! मेव्हण्याने मडक्यांचे फोटो काढले, मडक्यांबरोबर स्वतःचे फोटो काढले, आणि एक माझाही काढला, पण तो मागचं दृश्य झाकतो म्हणून पुसून टाकला.

मंगळवारी पालिकेचे निरीक्षक आले. हातात निनावी तक्रार. 'चौथ्या मजल्यावरील इसमाने छतावर विनापरवाना दोनशे घुमट बांधले आहेत.' इसम म्हणजे मी. पंचवीस वर्षं एकाच कचेरीत हेडक्लार्की करून मी आजवर कुठल्याच कागदावर इसम झालो नव्हतो.

"हे बांधकाम आहे," निरीक्षक म्हणाले.

"साहेब, ही मडकी आहेत."

"तोंड कुठे आहे?"

"माझं?"

"मडक्याचं."

"खाली."

"तोंड खाली म्हणजे आच्छादन. आच्छादन म्हणजे बांधकाम. बांधकामाला नकाशा लागतो." त्यांनी एक मडकं उचलून सरळ ठेवलं. "आता हे काय आहे? उघड्या तोंडाचं मातीचं भांडं. म्हणजे कुंडी. कुंडीला परवानगी लागत नाही. उलट हिरव्या छतांना पालिका उत्तेजन देते."

"उत्तेजन म्हणजे काय देते?"

"नोटीस देत नाही."

आम्ही दोनशे मडकी सुलटी केली. मेव्हणा कळवळला. "भाऊजी, तोंड वर म्हणजे संकल्पनेचाच खून झाला."

"संकल्पनेचा होऊ दे," बायको म्हणाली. "नोटीस यांच्या नावावर येईल."

साडेतीनला बाबांनी वाचलं, "चाळीस." मेव्हणा त्या दिवशी चहा न घेता गेला. उरले एकोणीस दिवस. मी धाकट्याच्या घरातल्या गार भिंती डोळ्यांपुढे आणत पडून राहिलो.

आता इथे आमच्या पाण्याच्या टाकीबद्दल सांगायला हवं. ती रोज सकाळी भरून वाहते. भरल्यावर नळ बंद करणारा तिचा बॉल सहा वर्षांपासून बिघडलेला आहे. सेक्रेटरींनी, ज्यांच्या पुलांवरून आजही गाड्या धावतात, तो तीनदा दुरुस्त केला आणि दर वेळी टाकी आधीपेक्षा जास्त वाहिली. या विषयावर इमारतीत कोणी त्यांच्यासमोर बोलत नाही. तर, बुधवारी सकाळी टाकी नेहमीप्रमाणे वाहिली, आणि छतावर तोंड वासून बसलेली माझी दोनशे मडकी गळ्यापर्यंत भरली.

मी कपाळाला हात लावला. पण दुपारी बाबांनी आतून हाक मारली. आवाज वेगळाच होता. "जरा इकडे ये. छत्तीस."

मडकी पाझरत होती. दोनशे मडकी एकाच वेळी घाम गाळत होती आणि छत गार पडत होतं. मेव्हणा फोनवर म्हणाला, "बाष्पीभवन! भाऊजी, माझ्या मनात पुढचा टप्पा हाच होता."

शनिवारी डास-निर्मूलनवाले आले. निर्मूलक साहेबांनी बॅटरी घेऊन दोनशे मडक्यांत एकेक करून डोकावून पाहिलं. 

"अळ्या होतील," ते म्हणाले.

"झाल्यात का?"

"होतील. आमचं खातं भविष्यकाळात काम करतं."

मडकी रिकामी झाली. पारा पुन्हा चाळिसावर. या वेळी मात्र मी मेव्हण्याकडे गेलो नाही; स्वाभिमान गुंडाळून थेट कुंभाराकडे गेलो. त्याने सगळं ऐकलं आणि माझ्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, "बाई, वाळू भरा. वाळू ओली ठेवा. मडकं पाझरत राहील, आणि डासाला पाणी दिसणार नाही. एवढ्यासाठी आर्किटेक्ट कशाला?"

"तो माझा भाऊ आहे," बायको म्हणाली.

"मग राहू द्या," कुंभार म्हणाला.

वाळू म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे सेक्रेटरी. त्यांनी दोन दिवस घराचं दार बंद करून गणित मांडलं. बुद्धिबळही रद्द. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पुलाच्या उद्‌घाटनाचं तेज होतं. "छताच्या गणितात वाळू बसते. वाळूवर माणूस बसत नाही." मग त्यांनी तुळईच्या बरोबर वर खडूने एक रेघ ओढली. वाळू भरणाऱ्याने फक्त त्या रेघेवरून चालायचं. मी, मेव्हणा आणि केवळ गंमत बघायला आलेला कुंभार, असे तिघे डोक्यावर घमेली घेऊन डोंबाऱ्यासारखे त्या रेघेवरून दिवसभर ये-जा करत होतो आणि सेक्रेटरी जिन्याच्या दारातून ओरडत होते, "पाय डावीकडे पडतोय! डावीकडे तुमचे वडील आहेत!"

वाळू भरून झाल्यावर नवा नियम लागू झाला. छतावर एका वेळी एकच माणूस, तोही पंचावन्न किलोच्या आतला. जिन्याच्या दारात वजनकाटा आला. मी काट्यावर उभा राहिलो आणि लगेच उतरलो. मेव्हणा काटा न बघताच वळला. संबंध इमारतीत पंचावन्नच्या आत दोनच माणसं निघाली: दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि माझी बायको. काकूंचे गुडघे दुखतात. अशा रीतीने माझ्या आयुष्यातल्या एकमेव स्थापत्य-प्रकल्पाची किल्ली बायकोच्या कमरेला लागली आणि मी जिन्यातून सूचना देणारा माणूस झालो. सूचना ऐकू जात होत्या की नाही कळत नाही. पाळल्या जात नव्हत्या, हे नक्की.

निरीक्षक पुन्हा आले. दारातूनच, कारण त्यांनाही काट्याने अडवलं. "यात रोप कुठे आहे? रोपाशिवाय कुंडी म्हणजे कुंडी नव्हे, साठवण. साठवणुकीचं खातं वेगळं. दुसरा मजला, आज बंद."

"उद्या?"

"उद्या उघडं असतं, पण माणूस नसतो."

ओल्या वाळूत, भर उन्हात तग धरेल असं काय लावायचं? या प्रश्नावर मेव्हण्याने तीन परदेशी झाडांची नावं सांगितली. काकूंनी खिडकीतल्या डब्यातून चिनी गुलाबाच्या चार काड्या खुडल्या. "खोच आणि विसरून जा. याला मरायला सुद्धा आळस येतो." मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांमधून काड्या आल्या. बायकोने चार दिवसांत दोनशे मडक्यांत त्या खोचल्या. सेक्रेटरींनी टाकीच्या वाहत्या पाण्याला एक पाइप जोडून ते मडक्यांकडे वळवलं. मी त्यांना म्हटलं, आता बॉल दुरुस्त करून टाकू या का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पुलाखाली सुरुंग लावायला निघालोय. "ती सिंचन व्यवस्था आहे," ते म्हणाले.

आठवड्याभरात छत गुलाबी, पिवळं, केशरी झालं, असं ऐकतो. मी पाहिलेलं नाही. माझं वजन अजून ब्याऐंशी आहे. मेव्हण्याने शेजारच्या इमारतीवर चढून फोटो काढले आणि मासिकाला पाठवले. खाली मथळा: 'घाम गाळणारं छत'. संकल्पनेखाली त्याचं नाव आहे. 'सहकार्य' या शब्दाखाली आमचं सगळ्यांचं. निरीक्षकांनी पुन्हा येऊन सोसायटीला 'हिरवं छत' असं प्रमाणपत्र दिलं आणि ते सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने, 'आणखी एक एसी लागला तर' या सूचनेशेजारी टांगलं.

पण पारा? पारा सदतीसवरून छत्तीसवर आला, छत्तिसावर दोन दिवस बसला, शनिवारी साडेपस्तिसावर आला आणि तिथेच अडला.

रविवारी धाकटा आला. त्या दिवशी बाहेर त्रेचाळीस होतं. असं ऊन त्या उन्हाळ्यात एकदाही पडलेलं नव्हतं. धाकटा चार मजले चढून आला तो घामाने निथळत. बाबांची बॅग भरून दाराबाहेर ठेवलेली होती. बाबांनी ती स्वतःच भरली होती, सकाळी, कोणाला न सांगता. ती पाहिल्यावर बायको आत निघून गेली आणि भांडी जरा जोरात लावू लागली.

सव्वातीनला सगळे बाबांच्या खोलीत जमले. मी, बायको, धाकटा, मेव्हणा, हातात पट घेतलेले सेक्रेटरी, आणि गुडघे विसरून वर आलेल्या काकू. धाकटा इकडे तिकडे बघत होता. "दादा," तो हळूच म्हणाला, "इथे खरंच बरं वाटतंय रे."

"बरं वाटण्याला एकक नाही," बाबा म्हणाले.

साडेतीन. बाबांनी चष्मा लावला, वाकले. मला शाळेतला निकालाचा दिवस आठवला. तेव्हाही वाचणारे तेच होते.

"पस्तीस," बाबा म्हणाले. "बरोबर पस्तीस."

"अगदी जरासं तरी खाली नाही का?" सेक्रेटरींनी विचारलं. 

"पस्तीस म्हणजे पस्तीस. खाली म्हणजे खाली." सदतीस वर्षांत बाबांनी एकाही मुलाला एक मार्क वाढवून दिलेला नाही. मला तर नाहीच. धाकट्याने गाडीची किल्ली बाहेर काढली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी बाबांच्या चपला शोधायला वाकलो, कारण त्या क्षणी कुठेतरी वाकणं आवश्यक होतं.

"थांबा," बाबा म्हणाले. ते अजून थर्मामीटरसमोरच होते. मग सावकाश वळले आणि बोटाने आम्हाला मोजू लागले, सहलीहून परतताना मुलं मोजावीत तसे. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा. सहा माणसं, सहाशे वॅट. माझ्या खोलीत तुम्ही इस्त्री चालू ठेवलीत आणि मला पारा वाचायला सांगताय? हा प्रयोगच चुकीचा आहे. सगळे बाहेर!"

आम्ही बाहेर आलो. दार लागलं. सहाशे वॅट पॅसेजमध्ये दाटीवाटीने उभे राहिले. सेक्रेटरी पुटपुटत होते. मेव्हण्याने भिंतीवर तळहात ठेवून डोळे मिटले; या वेळी तो काहीतरी मागत होता असं वाटलं. पंधरा मिनिटांनी कडी वाजली. दार वीतभर उघडलं, आणि त्या फटीतून जी हवा आमच्या घोट्यांवर आली, ती मी शपथेवर सांगतो, निळी होती.

"चौतीस," बाबा म्हणाले.

काय ओरडलो आम्ही! खालच्या मजल्यावरचे लोक वायरिंग जळालं समजून जिन्यात आले. सेक्रेटरींनी मेव्हण्याला मिठी मारली, मेव्हण्याने काकूंना नमस्कार केला, आणि बायको माझ्याकडे बघून हसली; लग्नानंतर पहिल्यांदाच ते हसणं माझ्यावर नव्हतं.

धाकटा तेवढा शांत होता. तो बँकेत ऑडिटला आहे. "बाबा," तो म्हणाला, "मी एकदा बघू का?"

"तू आत आलास की परत पस्तीस होईल."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्याने किल्ली खिशात टाकली, बाहेरची बॅग उचलली आणि ती खोलीत न्यायला दाराशी आला.

"तिथेच," बाबा आतून म्हणाले. "उंबऱ्यावरून सरकव. मी ओढून घेतो."